उपाशी बगळा आणि बांधावरची पावले

एका जंगलात, तळ्याच्या काठी, एक बगळा राहत असे. थांबा, थांबा! बगळा म्हटल्याबरोबर हसायला लागलात ना? डोळे मिटून एका पायावर उभा राहणारा, साधूचे सोंग घेणारा लबाड, हेच ना तुमच्या मनात आले? गोष्टी सांगणाऱ्यांनी या पक्ष्याची फार बदनामी केली आहे, आणि मला त्याचा राग येतो. मी सांगतोय तो बगळा तसा मुळीच नव्हता. तो साधू नव्हता आणि साधूचे सोंगही घेत नव्हता. त्याला बेडूक अतिशय आवडत, म्हणजे खायला आवडत, आणि ही गोष्ट घडली तेव्हा तो पोटभर जेवलेलाही नव्हता. हे दोन्ही नीट लक्षात ठेवा, म्हणजे त्याने काय केले ते तुम्हाला कळेल.

आता आधी तळ्याची हकीकत. पूर्वी तिथे तळे नव्हतेच. नुसता ओढा होता. पावसाळ्यात तो धो धो वाहायचा आणि उन्हाळ्यात सगळ्या जंगलाच्या घशाला कोरड पडायची. शेवटी प्राण्यांनी मिळून ओढ्याला मातीचा बांध घातला. कोणी माती उकरली, कोणी वाहिली, कोणी तुडवली. बांध ओला होता तोवर काम करणाऱ्या प्रत्येकाने आपले एक पाऊल त्यावर उमटवले. पुढे दर पावसाळ्यात डागडुजीला जे जे नवे आले, त्यांनीही ओल्या मातीत पाऊल उमटवले. ज्याचे पाऊल बांधावर, तो तळे सोसायटीचा सभासद. तीच त्यांची मतदार यादी. सोसायटीचा अध्यक्ष निवडायचा तो या पावलांच्या धन्यांनीच.

या सोसायटीचा एक नियम फार मोलाचा होता. सभासदाने सभासदाला तळ्याच्या हद्दीत खायचे नाही. त्यामुळे बगळा आणि बेडूक एकाच काठावर राहत आणि बगळा मुकाट्याने मासे, गोगलगायी, किडे यांवर भागवत असे. मासे सभासद नव्हते. बिचाऱ्यांना पाऊल उमटवायला पाय तरी हवेत ना!

आणखी एक नियम होता. जो सभासद लागोपाठ सभांना येत नाही आणि बांधाच्या कामालाही हात लावत नाही, त्याचे पाऊल खोडून टाकावे. मात्र त्याला सांगून. नियम चांगलाच होता. जो राबत नाही, फिरकत नाही, त्याने नुसते मताच्या दिवशी यायचे, हे कोणाला आवडेल? पण चांगला नियम वाईट माणसाच्या, चुकलो, वाईट प्राण्याच्या हाती पडला की काय होते ते पाहा.

तेव्हा अध्यक्ष होता कोल्हा. बोलायला गोड, चालायला ऐटबाज. निवडणूक जवळ आली होती आणि त्याच्या विरुद्ध उभी होती सायाळ. ती अंगावर काटे बाळगणारी, कमी बोलणारी आणि भल्या पहाटे बांधाची माती चाचपून पाहणारी. कोल्ह्याला तिची धास्ती वाटू लागली. मग त्याने रानडुकरांच्या म्होरक्याला गाठले आणि कानात सांगितले, "तुमची सगळी मते मला द्या. निवडून आलो की तळ्याचा तो उथळ कोपरा तुमचा. लोळा हवे तितके."

तो उथळ कोपरा म्हणजे बेडकांचे घर. तिथेच ते अंडी घालत, तिथेच त्यांची पिल्ले शेपट्या हलवत मोठी होत. कोपरा डुकरांना गेला की संपलेच सगळे. बेडूक कोल्ह्याला मत देणार नाहीत हे सांगायला कोणी ज्योतिषी नको होता. आणि बांधावर सगळ्यात जास्त पावले होती ती बेडकांचीच. चिमुकली, चार बोटांची, एकाला लागून एक.

कोल्ह्याने याची तयारी आधीपासून करून ठेवली होती. सोसायटीची सभा पूर्वी श्रावणात होत असे. अध्यक्ष झाल्यावर त्याने ती वैशाखात नेली. "वैशाखात कोणाला फारशी कामे नसतात, निवांत बोलता येते," असे तो म्हणाला, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मुलांनो, तुम्हीही डोलावल्या असत्या. वैशाखात बेडूक कुठे असतात याचा विचार कोण करतो? ते जमिनीखाली असतात. वरचा चिखल वाळून त्याला भेगा पडतात आणि खाली ओलसर मातीत ते अंगाचे मुटकुळे करून पावसाची वाट पाहत झोपतात. तेव्हा वैशाखातल्या सभेला बेडूक येणार कुठून? पहिल्या वैशाखात आले नाहीत. पुढच्या वैशाखातही आले नाहीत. कोल्ह्याने मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या.

निवडणुकीच्या वर्षी, त्याच वैशाखातल्या सभेत, कोल्हा उठला आणि दुःखी चेहरा करून म्हणाला, "मंडळी, मला सांगायला वाईट वाटते, पण बेडूक कित्येक सभांना आलेले नाहीत. नियम तो नियम. त्यांची पावले खोडावी लागतील. अर्थात हे काम मी उमेदवार असून कसे करू? निवडणुकीचे काम कोणा त्रयस्थाने पाहावे. मी बगळेरावांचे नाव सुचवतो."

आता बगळाच का? कोल्ह्याचा हिशेब सरळ होता. बेडकांची पावले गेली की ते सभासद राहणार नाहीत. सभासद नाहीत म्हणजे त्यांना खायला मोकळीक. तळे आटून मधे नुसते डबके उरले होते, मासे केव्हाच संपत आले होते, बगळ्याच्या मानेची हाडे दिसू लागली होती. भुकेला बगळा बेडकांची बाजू घेईल? छे! कोल्ह्याला वाटले, आपण काय माणूस निवडलाय! आणि इथेच तो साफ फसला.

बगळा बांधावर आला. बेडकांच्या पावलांकडे त्याने खूप वेळ पाहिले. मग म्हणाला, "यांना कळवले का?"

"कळवले तर! विचारा टिटवीला," कोल्हा म्हणाला.

टिटवी ही सोसायटीची दवंडीवाली. तिने छाती फुगवली. "भर दुपारी, तळ्यावरून तीन घिरट्या घालून, घसा फाटेस्तोवर ओरडले मी! सगळ्या जंगलाने ऐकले."

"बेडकांनी ऐकले का?" बगळ्याने विचारले.

"ते आता ज्याचे त्याने पाहावे," टिटवी जरा चिडून म्हणाली. "मी काय प्रत्येकाच्या कानात जाऊन सांगू?"

"होय," बगळा म्हणाला. "ज्याचे पाऊल खोडायचे, त्याच्या दारात जाऊन सांगायचे. का खोडतोय तेही सांगायचे. विचार करायला वेळ द्यायचा. तो काय म्हणतो ते सगळ्यांसमोर ऐकायचे. मग खोडायचे की ठेवायचे ते ठरेल."

सभेत कुजबुज सुरू झाली. "इतका उन्हाचा ताप, आणि हा काय घोळ घालत बसलाय," असे पुष्कळांना वाटले. कोल्हा हसत हसत बगळ्याजवळ आला आणि त्याला बाजूला घेऊन म्हणाला, "अहो बगळेराव, तुमच्याचसाठी करतोय मी हे सगळे. एकदा पावले पुसली की तो कोपरा उकरा नि हवे तितके खा. किती दिवस झाले धड जेवून?"

"फार दिवस झाले," बगळा म्हणाला.

"मग?"

"मग काही नाही. भूक माझी आहे, पावले त्यांची आहेत." इतके बोलून बगळा टिटवीला म्हणाला, "चला बाई. आपल्याला कोपऱ्यात जायचे आहे."

वैशाखाच्या उन्हात दोघे त्या वाळक्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. जमीन भाकरीसारखी करपली होती. टिटवीने ओरडून पाहिले, बगळ्याने चोचीने टकटक करून पाहिले. काही हालचाल नाही. मागून तमाशा पाहायला आलेला कोल्हा म्हणाला, "मेलेसुद्धा असतील हो. मेलेल्यांना काय विचारायचे?"

बगळा उडाला, मधल्या डबक्यातून चोच भरून पाणी घेतले आणि आणून एका भेगेत ओतले. पुन्हा गेला, पुन्हा आणले. बगळ्याच्या चोचीत पाणी ते किती मावणार! निम्मे वाटेतच सांडायचे. कोल्हा पोट धरून हसला आणि सावलीला निघून गेला. बगळ्याच्या खेपा चालूच राहिल्या. थोड्या वेळाने टिटवीला काय वाटले कोण जाणे, तीही चोच भरून आणू लागली. शेवटी भेगेतली माती काळपट ओली झाली आणि आतून एक घोगरा, झोपाळू आवाज आला, "कोण आहे? पाऊस आला का?"

"पाऊस नाही मावशी, सोसायटी आली आहे," टिटवी म्हणाली.

भेगेत दोन डोळे चमकले. ती एक म्हातारी बेडकी होती. बांध घातला त्या वर्षीची. तिने टिटवीकडे पाहिले आणि मग तिला शेजारचे दोन लांब पाय दिसले. "आणि हे पाय कोणाचे?"

"बगळ्याचे. निवडणुकीचे काम त्याच्याकडे आहे. तुला बाहेर बोलावतोय."

"अगं बाई! मग मी अजून झोपलेलीच आहे म्हणून सांग त्याला," असे म्हणून बेडकी सर्रकन आत गेली.

"पाहिलेत?" टिटवी वैतागून म्हणाली. "इतके पाणी वाहिले आणि ही बाई बाहेर यायला तयार नाही. आपण सांगायचे काम केले. चला, खोडून टाकू."

"तिचे चुकले नाही," बगळा म्हणाला. "मला पाहून ती घाबरली आणि घाबरायला तिला कारण आहे. घाबरलेल्याला प्रश्न विचारून काय उपयोग? तो मनातले बोलणारच नाही." तो इकडेतिकडे पाहत राहिला. डबक्याच्या कडेला थोडे हिरवे लव्हाळे उरले होते. बगळ्याने त्यातली एक लांब पात उपटली आणि टिटवीसमोर वाकून उभा राहिला. "ही माझ्या चोचीला बांध. घट्ट बांध."

"अहो, चोच बांधली तर तुम्ही बोलणार कसे?"

"तू बोल. मी उभा राहीन."

टिटवीने लव्हाळ्याची पात चोचीला गुंडाळली, गाठ मारली, ओढून पाहिली. पुढे काय झाले ते टिटवी म्हातारपणी आपल्या नातवंडांना पुन्हा पुन्हा सांगत असे. तोंड बांधलेला बगळा भेगेजवळ मान खाली घालून उभा राहिला. बेडकीने डोकावून पाहिले. पुन्हा आत गेली. पुन्हा डोकावली. मग हळूच एक हात बाहेर, मग दुसरा, आणि ती भेगेच्या काठावर येऊन बसली. तिच्या मागून एक छोटा बेडूक टुणकन उडाला तो थेट बगळ्याच्या पायावरच! बगळ्याच्या गळ्यात काहीतरी हलले. भुकेल्या पोटाला कुठे कळते हो नियम? त्याने डोळे मिटून घेतले आणि छोटा बेडूक खाली उतरेपर्यंत ते उघडले नाहीत. या वेळी त्याने डोळे मिटले ते सोंगासाठी नव्हते, एवढे ध्यानात ठेवा.

टिटवीने बेडकीला सगळे सांगितले. सभांना आला नाहीत म्हणून तुमची पावले खोडायची आहेत. तुम्हाला काय म्हणायचे ते विचार करून सांगा. बेडकी ऐकता ऐकता मागे भेगेकडे सरकली. "पाऊल गेले तर आम्ही जायचे कुठे?" एवढेच ती म्हणाली. मग सावरून म्हणाली, "खाली सगळ्यांना विचारते. पण बोलायला बांधापर्यंत या उन्हात आम्हाला येववणार नाही. वाटेतच वाळून जाऊ."

टिटवीने बगळ्याकडे पाहिले. बगळ्याने मानेने बांधाकडे, मग या कोपऱ्याकडे खूण केली. टिटवीला बरोबर समजले. "तुम्ही नका येऊ. चार दिवसांनी सभाच तुमच्या दारात येईल."

आणि ती आली. प्राणी कुरकुरत आले, पण आले. ओल्या केलेल्या भेगेभोवती सगळे बसले. बगळा याही दिवशी तोंड बांधून उभा होता, म्हणून कोल्ह्याला फार जोर आला. "सरळ गोष्ट आहे," तो म्हणाला. "सभेला आलात का? नाही ना? मग झाले तर!"

बेडकी भेगेच्या तोंडाशी बसली होती. आवाज बारीक, पण शब्द स्पष्ट. "नाही आलो. सभा वैशाखात ठेवलीत. वैशाखात आम्ही जमिनीत असतो, हे अध्यक्षांना ठाऊक नाही? श्रावणात सभा होती तेव्हा आमच्यातला एक तरी चुकला होता का?"

म्हातारी पुढे म्हणाली, "आणि काम म्हणाल, तर ढीगभर माती वाहायची ताकद आमच्यात नाही. पण पावसाळ्यात बांधातून पाणी झिरपले की आमच्या अंगाला ते सगळ्यांच्या आधी कळते. गेल्या पावसात खेकड्यांनी बांधाला मधोमध भोक पाडले, तेव्हा ओरडून ओरडून जंगल कोणी जागे केले?"

कोल्हा म्हणाला, "बेडूक काय, पावसात ओरडतातच!"

तेवढ्यात मागून खाकरल्याचा आवाज आला. रानडुकरांचा म्होरक्या उठून उभा राहिला. अंगाने दांडगा, बुद्धीने सावकाश. पण एकदा खरे समजले की ते गिळून बसणारा नव्हता. "ते मी ऐकले होते," तो म्हणाला. "झोपमोड झाली म्हणून यांना शिव्या देत बांधावर गेलो. पाहतो तर भोकातून पाण्याची धार! तिथेच पाठ टेकून बसलो, माती भरेपर्यंत. त्या दिवशी हे ओरडले नसते तर तळे वाहून गेले असते." मग तो कोल्ह्याकडे वळला. "तो कोपरा मला नको. लोळायला जंगलात चिखल काय कमी आहे?"

कोल्ह्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. बेडकी मात्र अजून बोलायची थांबली नव्हती. "खोटे मी सांगणार नाही," ती म्हणाली. "आमची सगळीच पावले ठेवा असे माझे म्हणणे नाही. माझा भाऊ डोंगरापलीकडच्या ओढ्याला कायमचा राहायला गेला, त्याचे खोडा. आणि वरच्या अंगाला बोट तुटलेले एक पाऊल आहे, तो म्हातारा गेल्या हिवाळ्यात गेला. त्याचेही खोडा. पण जरा हलक्या हाताने खोडा. बांधाला मातीचा पहिला गोळा त्याने आणला होता."

सायाळीने आपली मान खाली घातली. पुष्कळांनी घातली. मग कोणी काही न सांगता सगळे बांधाकडे गेले. ती दोन पावले ओल्या मातीने अलगद सारवून टाकली आणि बाकीची सगळी राहिली. आता इथेच गोष्ट संपली असे तुम्हाला वाटेल. पण खरी परीक्षा पुढेच होती.

झाले असे, की बांधावर उभे असताना कोणीतरी ओरडले, "अरे, हा कोल्हा तरी कुठे बांधाच्या कामाला येतो? बेडकांना नियम सांगणारा स्वतः गेले दोन पावसाळे मातीला शिवलेला नाही! याचेच पाऊल खोडा!"

"खोडा! खोडा!" सगळ्यांनी एकच गलका केला. राग आला की सगळ्यांना फार बरे वाटते, तसे त्यांना वाटत होते. सशासारखा ससा, तोही नखे परजून पुढे सरसावला. कोल्हा शेपूट पायात घालून मागे मागे सरकला. बोलायला गेला, पण त्याचे ऐकतो कोण?

आणि मग सगळ्यांनी पाहिले, की तोंड बांधलेला बगळा पंख पसरून उडाला आणि कोल्ह्याच्या पावलावर जाऊन उभा राहिला. एक पाय बरोबर त्या पावलावर, दुसरा पोटाशी घेतलेला. त्याला खाली उतरवल्याशिवाय ते पाऊल कोणाला खोडता येणार नव्हते. त्याला बोलता येत नव्हते आणि त्याने बोलायचा प्रयत्नही केला नाही. नुसता उभा राहिला. ससा थबकला. गलका हळूहळू विरला.

टिटवी पुढे आली. बगळ्याच्या मनात काय आहे हे आता तिला सांगावे लागत नव्हते. "कोल्ह्याला कळवले का?" तिने खणखणीत आवाजात विचारले. "त्याच्या दारात जाऊन? विचार करायला वेळ दिला? त्याचे म्हणणे ऐकले?"

"त्याने कुठे आमचे ऐकले होते?" एक छोटा बेडूक ओरडला असता, पण तो जमिनीत होता, म्हणून हा प्रश्न सशाने विचारला.

"म्हणूनच तर," टिटवी म्हणाली. "तो तसा वागला हे आपल्याला आवडले नाही ना? मग आपणही तसेच वागायचे?"

ससा मागे सरला. दुसऱ्या दिवशी टिटवी आणि बगळा कोल्ह्याच्या गुहेपाशी गेले. त्याला कारण सांगितले, वेळ दिला. ठरल्या दिवशी सभा भरली. कोल्हा आला तो लंगडतच. त्याच्या तोंडचे सगळे गोड शब्द आटले होते. त्याने मुकाट्याने आपला मागचा पाय पुढे केला. तळव्यात जुनी, खोल जखम होती, आत काट्याचे टोक अजून रुतलेले होते. "गेल्याच्या मागच्या पावसाळ्यात काटा रुतला. तेव्हापासून चिखलात उभे राहवत नाही. अध्यक्षाने लंगडे दिसू नये म्हणून कोणाला बोललो नाही." कोणी विश्वास ठेवीना. लबाडाचे खरेसुद्धा खोटे वाटते, ही त्याची स्वतःची कमाई. पण सायाळ पुढे आली, जखम हुंगून पाहिली आणि म्हणाली, "खरे बोलतोय तो. हा काटा माझाच आहे. वाटेत गळून पडला असेल."

म्हणजे पाहा! जी त्याच्या विरुद्ध उभी होती, तिनेच त्याचे पाऊल वाचवले. तिथे बसलेल्या प्रत्येकाच्या मनात तेव्हाच काय ते ठरून गेले असणार. कोल्ह्याचे पाऊल बांधावर राहिले. सभा मात्र पुन्हा श्रावणात न्यायची, असे सगळ्यांनी ठरवले, आणि मतदानही तेव्हाच.

श्रावणात तळे तुडुंब भरले. मासे वाढले, बगळ्याच्या मानेवर थोडे मांस आले. मतदानाच्या दिवशी सगळे बांधाखाली जमले. एकेकाचे नाव पुकारायचे, त्याने यायचे आणि ज्याला मत द्यायचे त्याच्या बाजूला एक खडा टाकायचा, अशी रीत होती. पुकारायचे काम बगळ्याचे. पण तो आला तो लव्हाळ्याची पात चोचीला बांधूनच! आज सगळे बेडूक येणार, त्यांना भीती वाटू नये, म्हणून त्याने ती सकाळीच टिटवीकडून बांधून घेतली होती. नावे टिटवीने पुकारावीत असे दोघांचे ठरले होते.

टिटवी पुकारणार, इतक्यात म्हातारी बेडकी उड्या मारत पुढे आली. बगळ्याच्या समोर बसली. "खाली वाक," ती म्हणाली.

बगळा वाकला. इतका वाकला, की त्याची चोच तिच्या डोक्याला टेकली. बेडकीने आपल्या चार बोटांच्या हातांनी लव्हाळ्याची गाठ धरली. गाठ घट्ट होती. तिला खूप वेळ खटपट करावी लागली. शेवटी ती सुटली. पात बेडकीने पाण्यात सोडून दिली.

"आता हे नको," ती म्हणाली. "तुझ्या तोंडून माझे नाव ऐकायचे आहे मला."

बगळ्याने चोच उघडली. त्याने पहिले नाव पुकारले ते म्हाताऱ्या बेडकीचे. ती गेली आणि खडा टाकून आली. मग ती परत जाऊन बसली ती बगळ्याच्या दोन पायांच्या मधे, कारण तिथे सावली होती. बाकीचे बेडूकही एकेक करून तिथेच गोळा झाले. पुढे कोल्ह्याचेही नाव त्याच आवाजात पुकारले गेले. तो लंगडत आला, आपला खडा टाकला आणि जाताना बगळ्याकडे पाहून त्याने मान लववली.

निवडून आली सायाळ. पण त्या दिवशी घरी जाताना सगळे तिच्यापेक्षा बगळ्याबद्दलच जास्त बोलत होते, आणि सायाळही बोलत होती.

तात्पर्य : ज्याचे नाव यादीतून काढायचे, त्याला त्याच्या दारात जाऊन कारण सांगावे, वेळ द्यावा आणि निर्भयपणे बोलू देऊन त्याचे ऐकावे, तो आपल्या भुकेचा घास असो की आपल्या रागाचा धनी असो. असे जो करतो, त्याच्यासमोर दुबळ्यातला दुबळाही निश्चिंत बसतो.